मुधोळ पिल्लू : बरगड्या दिसतात, पाहुण्यांना जवळ येऊ देत नाही, हाकेला थांबत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट, बाजी नावाचा सात महिन्यांचा मुधोळ जातीचा शिकारी कुत्रा, वजन १७ किलो. बरगड्या मोजता येतात म्हणून सोसायटीतले लोक "उपाशी ठेवता का त्याला?" असं विचारतात. पाहुण्यांनी डोक्यावरून हात फिरवायला घेतला की मागे सरतो, गेल्या आठवड्यात एकदा गुरगुरलासुद्धा. टेकडीवर मोकळा सोडला तर मांजरामागे जो गेला तो पाऊण तासाने परत आला. वाढत्या अंगाला म्हणून तुम्ही कॅल्शियमचं सिरप सुरू केलंय आणि पुढे त्याच्यापासून पिल्लं घ्यावीत का, हेही विचारलंय.

मी सव्वीस वर्षं जनावरांचा डॉक्टर आहे. त्यातली पहिली पंधरा वर्षं जत-कवठेमहांकाळच्या दुष्काळी पट्ट्यात गेली. तिथे धनगर वाड्यांवर हीच कुत्री रोज हाताखालून जायची. माझ्या घरीही पहिल्यापासून हीच जात आहे. तुम्ही सांगितलेल्या तिन्ही गोष्टी ऐकून मला काळजी वाटली नाही, बाजी चांगल्या रक्ताचा असावा असंच वाटलं. त्याचं हाडकुळं दिसणं, अंतर राखून राहणं आणि पळत्या गोष्टीमागे सुटणं ज्या कामातून आलंय, ते काम आधी समजून घ्या. पुढचं सगळं त्यावरून लक्षात येईल.

आमच्याकडे या कुत्र्याला मुधोळ फार कमी लोक म्हणायचे. आखूड केसांचा तो कारवानी किंवा नुसता कारवान, आणि कानाला, शेपटीला रेशमासारखी झालर असलेला तो पश्मी. व्यापाऱ्यांच्या तांड्यांबरोबर पश्चिमेकडून, अफगाण-इराणच्या बाजूने आलेल्या सलुकीसारख्या शिकारी कुत्र्यांचं रक्त यांच्यात आहे असं मानतात. कारवान हे नावही त्या तांड्यांवरूनच पडलं असं जुनी माणसं सांगतात. पुढे दख्खनच्या पठारावरच्या उघड्या माळाने ती घडवली. झाडी कमी, नजर लांबवर पोचते, ससा उठला की काही सेकंदांत निकाल लागतो. वास घेत घेत माग काढायला तिथे वेळच नसतो. ज्याने पाहिलं आणि मालकाच्या इशाऱ्याची वाट न बघता झेप घेतली, त्याच कुत्र्याला शिकार मिळायची, आणि त्याच्याच पिल्लांना मागणी असायची.

मुधोळ हे नाव संस्थानामुळे मिळालं. घटप्रभेकाठचं मुधोळ हे घोरपड्यांचं मराठा संस्थान होतं, आज ते कर्नाटकातल्या बागलकोट जिल्ह्यात येतं. तिथल्या मालोजीराव घोरपड्यांनी आसपासच्या शिकारी लोकांकडची निवडक कुत्री राजाश्रयाला आणली, जोड्या लावल्या आणि त्यातली एक जोडी इंग्लंडच्या पाचव्या जॉर्ज राजाला भेट दिली. तिकडे त्यांना 'मुधोळचे हाउंड' म्हणू लागले आणि तेच नाव परत इकडे आलं. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झालं. राजाश्रय संपला, तरी वाड्या-वस्त्यांवरच्या लोकांनी कुत्री सोडली नाहीत, त्यांच्यामुळेच ही जात टिकली. नावाचा घोळ मात्र अजून कायम आहे. केनेल क्लब ऑफ इंडिया त्याची नोंद कॅरव्हान हाउंड अशी करतो, तर इंडियन नॅशनल केनेल क्लब मुधोळ हाउंड अशी. म्हणून दोन कागदांवर दोन नावं दिसली तर फसवणूक झाली असं लगेच समजू नका.

२००५ साली टपाल खात्याने देशी कुत्र्यांवर तिकिटं काढली, त्यातल्या एकावर हा होता. मुधोळजवळ तिम्मापूरला कर्नाटकच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे. सैन्यानेही मेरठच्या केंद्रात मुधोळची पिल्लं शिकवायला नेली. पण खरी मागणी वाढली ती ऑगस्ट २०२० मध्ये 'मन की बात'मध्ये देशी जातींचा उल्लेख झाल्यावर. मला त्याचा आनंद झाला होता. पुढच्या दीड-दोन वर्षांत मात्र माझ्याकडे मुधोळ सोडून द्यायला निघालेली माणसं यायला लागली. सगळ्यांची तक्रार तुमच्यासारखीच होती. त्यांना लॅब्राडॉरसारखा कुत्रा हवा होता आणि घरी आला होता माळावरचा शिकारी. म्हणून तुम्ही विचारलंत याचं मला बरं वाटलं.

आता बरगड्यांचं. कुत्रा बारीक आहे की खंगलाय हे ओळखायला मी बरगड्यांकडे बघतच नाही. या जातीत शेवटच्या तीन-चार बरगड्या, कमरेची दोन हाडं आणि थोडा कणा दिसायलाच हवा. पूर्ण वाढलेला नर खांद्याशी २७-२८ इंच उंच असूनही वजनाने साधारण २२ ते २८ किलोच भरतो. तुम्ही असं करा. बाजी उभा असताना मागच्या मांडीवर तळहात ठेवा. मांडी भरलेली, घट्ट, दाबली तर उलट दाबणारी लागली पाहिजे. मग कण्याच्या दोन्ही बाजूंना बोटं फिरवा, तिथे मासाची उभी पट्टी हाताला लागली पाहिजे. शेवटी डोळ्यांच्या वर कानशिलाजवळ बघा, खळगे पडलेत का. मांडी भरलेली, पाठीला मास, कानशिलं सपाट आणि केसाला चमक असेल तर सात महिन्यांना १७ किलो हे उत्तम वजन आहे. सोसायटीतल्या लोकांना बाजीची मांडी दाखवा, बरगड्या नाही. मांडी मऊ, लोळागोळा झालेली असेल, कणा करवतीसारखा हाताला टोचत असेल, तर मात्र तो खरंच खंगलाय. मग जंत आणि गोचीडताप या दोन गोष्टी आधी तपासाव्या लागतील.

या वयात त्याची उंची झपाट्याने वाढते, छाती भरायला मात्र दोन वर्षं लागतात. मधला काळ त्याला चार काठ्यांवर ठेवलेल्या पेटीसारखाच काढावा लागतो. लोक घाबरून खायला जास्त घालतात, त्यात भर म्हणून कॅल्शियम. कृपा करून ते सिरप आजच बंद करा. उंच वाढणाऱ्या जातीच्या पिल्लाला वरून दिलेलं कॅल्शियम हाडं मजबूत करत नाही, उलट सांधे आणि हाडांची वाढ बिघडवतं. पुढचे पाय मनगटातून बाहेर वळलेली अशी दोन-चार पिल्लं दर वर्षी माझ्या टेबलावर येतात, आणि जवळजवळ प्रत्येकाच्या घरी सिरपची बाटली असते.

खाण्याचं फार अवघड नाही. वाडीवर ही कुत्री भाकरी-ताकावर वाढतात असं सांगितलं जातं. ते खरं आहे, पण अर्धंच. भाकरीबरोबर त्यांना रानात काहीबाही मासही मिळायचं, ते कोणी सांगत नाही. फ्लॅटमधल्या बाजीला नुसती भाकरी-दूध घालाल तर मांडी भरणार नाही. मोठ्या जातीच्या पिल्लांचं चांगलं तयार खाद्य द्या. घरचं द्यायचं असेल तर ज्वारी किंवा भात थोडा, आणि अंडी, कोंबडी, मासे भरपूर, मीठ-मसाल्याशिवाय. मात्र फक्त घरच्या खाण्यावर पिल्लू वाढवायचं असेल तर त्यातला कॅल्शियम-फॉस्फरसचा हिशोब डॉक्टरांकडून एकदा बसवून घ्या. तो अंदाजाने जमत नाही. दिवसाला तीन वेळा, वर्षाचा झाला की दोन वेळा. शिजवलेली हाडं नकोत, ती फुटून आतड्यात रुततात. कांदा, लसूण, चॉकलेट नको. आणि द्राक्षं, बेदाणे अजिबात नकोत. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तासगावच्या बाजूला बेदाणा घराघरांत असतो. शेडवर सांडलेला बेदाणा खाऊन मूत्रपिंडं निकामी झालेलं एक कुत्रं मी वाचवू शकलो नाही. मालकाला वाटलं होतं, सुकामेवा आहे, अंगी लागेल.

छाती खोल आणि पोट आत गेलेलं, अशा बांध्याच्या कुत्र्यांत पोट फुगून पिळा पडण्याचा धोका जास्त असतो. पोटभर खाऊन लगेच पळवू नका, पळून आल्यावरही तासभर थांबा. पोट नगाऱ्यासारखं फुगलंय, उलटीसाठी उमाळे येतायत पण काही पडत नाही, अस्वस्थपणे फिरतोय, असं दिसलं तर सकाळची वाट बघू नका. रात्री दोन वाजले असले तरी दवाखाना गाठा. त्यात तासांचा हिशोब असतो.

आता अंगाला हात लावू न देणं. माळावर मेंढरांपाशी राहणाऱ्या कुत्र्याला अनोळखी माणूस आवडून कसं चालेल? ही जात घरातल्या माणसांची. त्यातही एखाद्यावर जीव जास्त, आणि बाकीच्या जगापासून चार हात लांब. उगाच भुंकत नाही, उगाच अंगावरही जात नाही. तो बाजूला होतो आणि बघत राहतो. तुम्ही लिहिलंय की बाजी मागे सरला. म्हणजे त्याने आधी सभ्यपणे 'नको' म्हटलं. पाहुण्याने हात तरीही पुढे नेला, म्हणून तो गुरगुरला. त्या गुरगुरण्याबद्दल त्याला रागावला असाल तर पुन्हा रागावू नका. गुरगुरणं ही त्याने दिलेली सूचना आहे. ती मार देऊन बंद केली तर कुत्रं सूचना द्यायचं सोडतं, चावायचं सोडत नाही.

माझ्या दवाखान्यात मुधोळ आला की मी काय करतो ते सांगतो, तेच पाहुण्यांना शिकवा. मी त्याच्याकडे तोंड करून उभा राहत नाही. स्टूलवर आडवा बसतो, मालकाशी बोलत राहतो, हात मांडीवर सैल सोडलेला. कुत्रा खोलीला एक फेरी मारतो. मग मागून येऊन कोपरापाशी नाक लावतो, लगेच मागे जातो. मी हलत नाही. तिसऱ्यांदा येतो तेव्हा नाक लावून क्षणभर थांबतो आणि अंगाचं वजन माझ्या गुडघ्यावर थोडं टेकवतो. तेव्हाच मी हात उचलतो, तोही हनुवटीखालून छातीकडे, डोक्यावरून कधीच नाही. चार-पाच मिनिटं जातात. पण पुढची तपासणी दोन माणसांनी दाबून न धरता होते. पाहुण्यांनी बाजीकडे बघायचंच नाही, हाक मारायची नाही, शेजारी एखादा कोंबडीचा तुकडा टाकून द्यायचा, एवढंच. काही महिन्यांनी तो ओळखीच्या पाहुण्यांपाशी येऊन टेकेल. काही पाहुण्यांपाशी कधीच येणार नाही, तेही चालेल. लहान मुलं घरी आली तर त्याला झोपायला दुसऱ्या खोलीत जागा द्या आणि तिथे कोणी जाणार नाही हे बघा.

एक मात्र तपासून घ्या. आधी मोकळा वागणारा कुत्रा अचानक हात लावू देईनासा झाला असेल तर तो स्वभाव नसतो, कुठेतरी दुखत असतं. कान, दात आणि मान आधी बघून घ्यावी.

पळण्याबद्दल जरा जास्त लिहितो, कारण ही कुत्री मरतात ती बहुतेक वेळा यामुळे. पूर्ण वेगात पळणारा मुधोळ एका झेपेत दोनदा चारही पाय जमिनीवरून उचलतो. एकदा धनुष्यासारखा ताणून, एकदा चारही पाय पोटाखाली गोळा करून. कणा स्प्रिंगसारखा काम करतो. त्या वेळी त्याचं सगळं लक्ष डोळ्यांत असतं. तुम्ही हाक मारता ती त्याच्यापर्यंत पोचतच नाही, म्हणून ती न ऐकल्याबद्दल शिक्षा करणं अन्याय आहे. पाऊण तासाने परत आल्यावर मारलंत किंवा लगेच पट्टा अडकवून घरी नेलंत, तर त्याला एवढंच कळतं की परत आलं की वाईट होतं.

हाक शिकवायची ती पळायला सुटण्याआधीच्या क्षणासाठी. मांजर दिसलं की बाजी आधी ताठ होतो, कान मागून वर येतात, शेपूट थांबते. हा एक-दोन सेकंदांचा वेळ तुमचा आहे. दहा-बारा मीटर लांब दोरी छातीच्या पट्ट्याला लावा. ती गळपट्ट्याला कधीच नको, वेगात असताना दोरी संपली तर मान मोडेल. घरात आणि मग मोकळ्या जागी दिवसातून वीस वेळा नाव घ्या, वळून बघितलं की चांगलंचुंगलं खायला द्या आणि परत मोकळा सोडा. मोकळा सोडणं महत्त्वाचं आहे. दहापैकी नऊ वेळा हाकेला आल्यावर खेळ पुढे चालू राहिला पाहिजे. दोन-तीन महिन्यांत तो त्या ताठ होण्याच्या क्षणी तुमच्याकडे वळायला लागेल. तरीही माझा सल्ला असा की कुंपण नसलेल्या जागी, रस्त्याच्या आसपास मुधोळ आयुष्यभर मोकळा सोडू नये. माझ्या स्वतःच्या सोनी नावाच्या कुत्रीची हाक पक्की होती असं मी समजत होतो. एका सकाळी रस्त्यापलीकडे मुंगूस उठलं. पुढचं लिहीत नाही.

आठवड्यातून तीन-चार वेळा भिंत किंवा उंच जाळी असलेलं एखादं मैदान मिळवा. कुंपण सहा फुटांचं असलेलं बरं, चार फूट हा सहज ओलांडतो. तिथे दहा मिनिटं मनसोक्त पळू द्या. बाकी सकाळ-संध्याकाळ अर्धा-पाऊण तास चालणं पुरतं. एवढं मिळालं तर मुधोळ फ्लॅटमध्ये छान राहतो. पळून आला की दिवसभर झोपतो, घरात आवाज नाही, केस फार गळत नाहीत. मोटारसायकलच्या मागे पळवायची पद्धत आमच्याकडे आहे, ती मात्र उचलू नका. डांबरावर तळवे सोलतात, वाढत्या सांध्यांना मार बसतो आणि उन्हाळ्यात उष्माघात होतो. धापा थांबत नाहीत, हिरड्या लालभडक, चाल झोकांडते असं झालं तर साध्या पाण्याने पोट, काखा, जांघा भिजवा, पंख्याखाली ठेवा आणि निघा.

शिकारीचा विषय कोणीतरी तुमच्यासमोर काढेलच. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने सशालाही संरक्षण आहे. कुत्रं घालून ससा धरणं हा गुन्हा आहे, आणि 'त्याच्या रक्तात आहे' हे उत्तर तिथे चालत नाही.

गळपट्टा साधा घेऊ नका. या जातीची मान आणि डोकं जवळजवळ एकाच जाडीचं, मागे रेटा दिला की पट्टा डोक्यावरून निसटतो. दीड-दोन इंच रुंद, ओढल्यावर ठरावीक मापापर्यंतच आवळणारा पट्टा मिळतो, तो घ्या. साखळीने कातडी कापते. कातडी खरंच पातळ असते, बाभळीचा काटा किंवा तारेचं टोक लागलं तरी सरळ चीर जाते. अशी जखम मीठपाण्याने धुवा, स्वच्छ कापड बांधा आणि आणा. हळद-तेल भरू नका, मग टाके घालता येत नाहीत. झोपायला जाड गोधडी द्या, नाहीतर कोपरांना घट्टे पडतात. डिसेंबरच्या पहाटे अंगात काहीतरी घातलं तर लाड समजू नका, त्याच्या अंगावर चरबीच नाही.

त्याच कारणामुळे भूल देतानाही जपावं लागतं. हे वाक्य बाजीच्या फाइलवर पहिल्या पानावर लिहून ठेवा : 'साइटहाउंड (नजरेने शिकार करणारा कुत्रा) आहे, थायोपेंटोन नको.' ते औषध शरीरातल्या चरबीत पसरून रक्तातून कमी होतं, मग कुत्रं जागं होतं. या कुत्र्यांत चरबी नगण्य आणि यकृतही ते सावकाश मोडतं. माझ्या उमेदवारीच्या काळात दुपारी बाराला हीच भूल दिलेली एक कुत्री संध्याकाळी सातपर्यंत डोकं उचलत नव्हती. मी आणि तिचा मालक गरम पाण्याच्या पिशव्या लावत तिच्याशेजारी बसून होतो. ती वाचली. आता सुरक्षित औषधं सगळीकडे मिळतात, फक्त डॉक्टरांना आधी आठवण करून द्या.

आजारांत आपल्याकडे सगळ्यात जास्त भीती गोचिडांची. बोटं कानात, पायांच्या बोटांमध्ये, शेपटीखाली रोज फिरवा. गोचीड मारणारी गोळी किंवा मानेवर टाकायचं औषध डॉक्टरांनी सांगितलेल्या अंतराने, पावसाळ्यात चुकवू नका. कुत्र्याचं तापमान एरवीच १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं, तेव्हा हाताला गरम लागला म्हणून घाबरू नका. पण खाणं सुटलं, ताप १०४ झाला, हिरड्या पांढुरक्या दिसल्या, पोटावर टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके आले किंवा नाकातून रक्त आलं, तर त्याच दिवशी रक्त तपासा. हा हाडकुळा दिसणारच, म्हणून आजाराने वजन उतरलेलं घरच्यांच्या लक्षात उशिरा येतं. दर महिन्याच्या एक तारखेला वजन करून भिंतीवर लिहा. पार्व्हो-डिस्टेंपर आणि रेबीजच्या लशी झाल्यात का ते तुम्ही लिहिलेलं नाही. झाल्या नसतील तर आधी ते.

पिल्लं घेण्याबद्दल. नर दोन वर्षांचा होऊन त्याचा बांधा, स्वभाव दिसेपर्यंत नको. मादीच्या बाबतीत २०१७च्या श्वान प्रजनन नियमांत स्पष्ट आहे की १८ महिन्यांच्या आत तिला लावायचं नाही, आठ वर्षांनंतर नाही, आणि पिल्लू आठ आठवड्यांचं होण्याआधी विकायचं नाही. समोरची कुत्री बाजीच्याच आईबापांची किंवा त्यांच्या जवळच्या नात्यातली नाही ना, हे विचारा. आपल्याकडे ठरावीक गावांतून, ठरावीक नरांपासून पिल्लं निघतात आणि नातं कोणी लिहून ठेवत नाही. उलट बाजूने, शर्यतींसाठी ग्रेहाउंड घालून काढलेली पिल्लंही मुधोळ म्हणून विकली जातात. बाजी ज्यांच्याकडून आणलात त्यांच्याकडे परत एकदा जा, आई आणि बाप दोन्ही डोळ्यांनी बघा, फोटो काढा, आजा-आजीची नावं वहीत लिहा. तोपर्यंत बाजी मांडीने भरलेला असेल. जाल तेव्हा त्यालाही बरोबर न्या, आईशेजारी उभा करून बघा.